पेटीचे सूर आणि फोनचा काटा

आम्ही करंजाहून बोलतोय. द्रोणागिरीच्या पायथ्याचं, खाडीच्या तोंडावरचं, पलीकडे रेवस दिसतं ते आमचं गाव. मागच्या वेळी आम्ही सुक्या मासळीच्या पिशव्यांबद्दल बोललो होतो आणि शेवटी आमच्या मंडळाचं एक भजन लावलं होतं. त्यानंतर जे फोन आले, त्यातले निम्मे मासळीबद्दल नव्हतेच. 'तुमची पेटी एवढी सुरात कशी, लावून कुठून आणता?' हाच प्रश्न. एका ताईंनी तर विचारलं, 'फोनमध्ये म्हणे ॲप असतं, त्याने पेटी लागते का?'

लागते आणि नाहीसुद्धा लागत. आज त्याबद्दलच बोलू. आम्ही काय केलं, कुठे चुकलो, एक सूर कसा मोडला, सगळं सांगतो.

आमच्या गटातल्या ज्या बायका महिन्याची बचत भरतात, त्यातल्याच दहाबारा जणी भजनी मंडळात आहेत. दिवसा वलांडीवर बोंबील, संध्याकाळी हातात टाळ. गणपतीत, नवरात्रात, कुणाच्या घरी सत्यनारायण असला तर बोलावणं येतं, थोडी बिदागी मिळते. ती बिदागी मंडळाच्या डब्यात जाते, गटाच्या खात्यात नाही. हे मुद्दाम सांगतोय, कारण पुढे त्यावरून बैठकीत वाद झाला होता.

दोन वर्षांपूर्वी गणपतीत एका घरी आमचं भजन झालं. निघताना त्या घरच्या जावयाने हसत हसत म्हटलं, 'मावशी, गळे चांगले आहेत, पेटी तेवढी बदला.' लागलं ते. पण खरं होतं. आमच्याकडे समुद्राचा वारा, त्यात पावसाळा. पेटीच्या आत सूर म्हणजे पितळी पट्टीवर एका टोकाला रिव्हेटने पक्की केलेली पितळी जीभ. हवा जाते तशी ती थरथरते. त्या जिभेवर खारा दमट वारा बसला की हिरवट थर चढतो, धूळ चिकटते. जीभ जड झाली की सूर उतरतो. सगळे सूर एकसारखे उतरले असते तर कुणाला कळलंही नसतं. पण तसं होत नाही. एक पट्टी उतरते, शेजारची तशीच राहते, आणि मग गाणारीचा गळा कुणाच्या मागे जायचं तेच विसरतो.

पूर्वी एक म्हातारे कारागीर दरवर्षी या बाजूला फेरी मारायचे, तालुक्यातल्या पेट्या लावून द्यायचे. ते गेले, आणि त्यांच्या मुलाने हा धंदा धरला नाही. आता पेटी लावायची तर मुंबईला न्यायची. उरणपर्यंत लोकल आली, म्हणजे प्रवास सोपा झाला खरा, पण पेटी तिथे आठ-दहा दिवस ठेवावी लागते, आणि पैसे लागतात. हे सगळं आलं नेमकं जून-जुलैत. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. त्या दोन महिन्यांत आमच्याकडे कुणाच्या घरात किती पैसा असतो, ते किनाऱ्यावरच्या बायकांना सांगायला नको. बैठकीत कुणीतरी म्हणालं, गटातून उचल घेऊ. सचिव म्हणाली, गटाचा पैसा पेटीसाठी उचलला तर उद्या इतिवृत्तात काय लिहू? तिचं बरोबर होतं. मंडळाच्या डब्यात होते तेवढ्यात मुंबईचं काम होणार नव्हतं.

तेव्हा आमच्यातल्या एकीची मुलगी पुढे आली. उरणच्या कॉलेजात शिकते, मंडळात पेटी तीच वाजवते. तिने फोन काढला. ॲप फुकटचं होतं. एक सूर वाजवला की पडद्यावर नाव येतं, आकडा येतो आणि एक काटा हलतो. काटा मधोमध आला की हिरवा, डावीकडे गेला की सूर उतरलेला, उजवीकडे गेला की चढलेला.

नावं इंग्रजी येतात, त्याने घाबरू नका. आपली पांढरी एक म्हणजे त्यांचा सी. काळी एक म्हणजे सी शार्प. पांढरी दोन डी, काळी दोन डी शार्प, पांढरी तीन ई, पांढरी चार एफ, काळी तीन एफ शार्प, पांढरी पाच जी, काळी चार जी शार्प, पांढरी सहा ए, काळी पाच ए शार्प, पांढरी सात बी. एका कागदावर लिहून पेटीच्या झाकणाला आतून चिकटवून ठेवलंय आम्ही. आकडा असतो तो सेंटमध्ये. एका पट्टीपासून शेजारच्या पट्टीपर्यंत, मग ती काळी असो की पांढरी, जे अंतर आहे त्याचे शंभर भाग केले की एक भाग म्हणजे एक सेंट. पाच-सहा सेंटचा फरक नुसता ऐकून पटकन कळत नाही. वीस सेंट असला तर लहान पोरसुद्धा तोंड वाकडं करतं.

आमची पेटी ३९ पट्ट्यांची, दोन सुरांची, खर्ज-नर. म्हणजे प्रत्येक पट्टीला दोन सूर, एक जाड आवाजाचा आणि एक मधला. एकूण ७८ सूर. पोरीने पहिल्याच दिवशी दहा-बारा पट्ट्या दाबून बघितल्या आणि म्हणाली, 'सगळीच पेटी खाली आहे, सगळे सूर वर घ्यावे लागतील.' काटा बहुतेक ठिकाणी उणे बारा दाखवत होता.

आमच्या मंडळात एक आक्का आहेत. सत्तरी उलटलेली. शाळेत गेल्या नाहीत, पण चाळीस वर्षं त्यांनी गावात भजन धरलंय. त्या बाजूला बसून भाजी निवडत होत्या. म्हणाल्या, 'सगल्या बायका वाकऱ्या नि तुजा फोन एकलाच सरल काय गो?'

आम्ही हसलो. पण त्या बोलल्या ते नीट बघितलं तर खरंच तसं होतं. जगात सगळीकडे वाद्यं एका उंचीवर यावीत म्हणून पांढरी सहाचा सूर सेकंदाला ४४० कंपनांचा धरायचा, असं १९३९ साली लंडनच्या एका परिषदेत ठरलं. ॲप त्याच हिशोबाने चालतं. आमची पेटी बनवणाऱ्याने ती थोडी खालून लावली असेल, किंवा वर्षानुवर्षं सगळीच जराशी उतरली असेल. आम्हाला कुठे मुंबईच्या ऑर्केस्ट्रात वाजवायची आहे? आमच्यासोबत टाळ, मृदंग आणि गळे. ॲपमध्ये हा ४४० चा आकडा बदलता येतो. पोरीने तो ४३७ केला, आणि बघता बघता निम्म्याहून जास्त सूर हिरवे झाले. ते ७८ सूर आम्ही त्या दिवशी खरवडायला घेतले असते तर काय झालं असतं, याचा विचार करून अजून पोटात गोळा येतो. पितळ एकदा खरवडून गेलं की परत चिकटवता येत नाही.

मग आम्ही आम्हाला येतं ते केलं. वही काढली. गटाचं हिशोबाचं रजिस्टर असतं तशा रेघा मारल्या. पट्टीचं नाव, खर्जाचा आकडा, नराचा आकडा, तारीख. एका संध्याकाळी पंखा बंद करून, दार लावून, एक जण भाता मारतेय, एक फोन बघतेय, एक लिहितेय. प्रत्येक सूर तीनदा मोजला, वेगवेगळ्या वेळी. का, तर भाता जोरात मारला की सूर जरासा उतरतो. हळू मारला की वर येतो. पहिल्या दिवशी आमच्यातल्या एकीने भाता असा मारला की जणू चूल फुंकतेय, आणि सगळे आकडे दोन-तीन सेंटने खाली आले. भाता एकसारखा पाहिजे. फोन पेटीपासून हातभर लांब. आणि एका वेळी एकच सूर वाजला पाहिजे, नाहीतर काटा दोन्हींच्या मधे वेड्यासारखा नाचतो. ज्या पेटीत एक रांग बंद करता येत नाही, तिथे दुसऱ्या सुराच्या जिभेखाली हलक्या हाताने कागदाची पातळ पट्टी सरकवायची, म्हणजे तो गप्प बसतो. खर्जाचे अगदी खालचे सूर असले की फोन कधी कधी चुकून वरच्या सप्तकातला सूर दाखवतो. तिथे कानानेच ठरवायचं.

मोजून झाल्यावरही कानस हातात घेतली नाही. आधी साफसफाई. कोरड्या, मऊ ब्रशने, जिभेच्या मुळापासून टोकाकडे, उलट नाही. तेल नाही, पाणी नाही, लिंबू नाही. हो, लिंबू म्हणतोय कारण पितळेची भांडी आम्ही लिंबाने घासतो आणि एकीने वाटीत लिंबू पिळून आणलंसुद्धा होतं. साफ केल्यावर पुन्हा मोजलं. बरेच सूर आपोआप जागेवर आले. मुके झालेले दोन बोलू लागले, त्यांच्या जिभेखाली चक्क सुकटीचा कण अडकला होता. वहीत लाल पेनाने खूण केलेले शेवटी अकरा सूर उरले.

इथपर्यंत कुणालाही जमेल असं काम आहे. तुमच्या मंडळाची पेटी असेल तर इथपर्यंत बिनधास्त करा.

पुढचं काम कारागिराचं. ते आम्ही करायला गेलो. वाचून, विचारून एवढं कळलं होतं की जीभ टोकाकडे जराशी खरवडली की ती हलकी होते आणि सूर चढतो, मुळाकडे, रिव्हेटजवळ खरवडली की ती लवचीक होते आणि सूर उतरतो. ऐकायला सोपं वाटतं. काळी दोनचा सूर वीस सेंटने उतरलेला होता. टोकाकडे खरवडला, मोजला, अजून खाली. पुन्हा खरवडला, मोजला, अजूनही थोडा खाली. पुन्हा. काटा हिरवा झाला, आम्ही टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी पेटी उघडली तर तोच सूर चढलेला. आदल्या दिवशी हाताच्या आणि घासण्याच्या उबेने पितळ तापलं होतं. तापलेली जीभ खाली बोलते. थंड झाली तशी वर गेली. हे आम्हाला माहीत नव्हतं. मग चढलेला सूर उतरवायला मुळाकडे खरवडला. काटा पुन्हा हिरवा. चार दिवसांनी भजन चालू असताना 'टक्' असा आवाज आला आणि काळी दोन मुकी झाली. जीभ मुळातून तुटली. कानस ज्या हातात होती तो हात आमचाच होता, दुसऱ्या कुणावर ढकलायला जागा नाही.

आक्का काळी चारवरून गातात. त्यांचा षड्ज काळी चार, तर पंचम येतो काळी दोनवर. म्हणजे नेमका त्यांचा पंचम आम्ही मोडला होता. त्या काही बोलल्या नाहीत. पुढचा अभंग त्यांनी पेटीशिवाय म्हटला.

तो तुटलेला सूर पितळी पट्टीसकट काढून आम्ही मुंबईला एका पेटीवाल्यांकडे नेला. पेटी नाही नेली, नुसता सूर आणि वही. त्यांनी वही बघितली आणि विचारलं, 'हे कुणी लिहिलं?' म्हणाले, 'पेटी आणणारे लोक नुसतं सांगतात, बेसूर झालीय. कुठली पट्टी, किती, कुणी सांगत नाही.' त्यांनी नवीन सूर त्या मापाचा करून दिला, फार पैसे घेतले नाहीत, आणि अर्धा तास आम्हाला समोर बसवलं. त्यांच्या टेबलावरही फोन होता, त्यात तसंच ॲप. म्हणजे ते काही मशीनच्या विरोधात नव्हते. पण त्यांनी जिभेखाली पातळ पातं सरकवलं, म्हणजे खरवडताना जीभ वाकत नाही, दोन घासे मारले, सूर बाजूला ठेवला आणि चहा मागवला. चहा पिऊन होईपर्यंत त्या सुराला हात लावला नाही. मग फोनवर बघितला, आणि मग पेटीत बसवून दुसऱ्या सुराबरोबर वाजवून कान लावला.

तो कान कशाला लावायचा, ते त्यांनी शिकवलं, आणि ते प्रत्येकीला ऐकू येण्यासारखं आहे. दोन सूर जवळजवळ सारखे पण अगदी सारखे नसले, तर एकत्र वाजताना आवाज हलतो. वाँव, वाँव, वाँव. धक्क्याला बांधलेली होडी हलते तसा. इंग्रजीत त्याला बीट्स म्हणतात, आम्ही हेलकावा म्हणतो. एका सुराची कंपनं ४४० आणि दुसऱ्याची ४४२ असतील तर सेकंदाला दोन हेलकावे. फरक कमी केला की हेलकावा मंद होतो, सूर मिळाले की थांबतो, होडी चिखलात बसल्यासारखी. एकाच पट्टीचे खर्ज आणि नर दाबा, किंवा सा आणि वरचा सा. तिथे हेलकावा अजिबात नको.

आता गंमत बघा. आमच्या ॲपमध्ये तीन सेंट इकडे-तिकडे असलं तरी काटा हिरवाच राहतो. समजा खर्ज तीनने खाली आणि नर तीनने वर. फोनला विचारलं तर दोघेही पास. एकत्र वाजवले तर काळी चारसारख्या ठिकाणी सेकंदाला एकाहून जास्त हेलकावा. फोनला ते कळत नाही, कारण तो एका वेळी एकालाच विचारतो.

ते पेटीवाले म्हणाले, पियानो लावणाऱ्यांचंही असंच. पियानो आपण सिनेमातच बघतो. ८८ पट्ट्या, आणि आत दोनशेहून जास्त तारा, कारण बऱ्याचशा पट्ट्यांना एकाच सुराच्या तीन-तीन तारा असतात. पूर्वी सगळं कानाने लावायचे, बाजूच्या तारा रबराच्या पाचरीने दाबून, हेलकावे मोजत. आता लॅपटॉपवर त्यासाठी सॉफ्टवेअर असतं. पियानोच्या तारा कडक असल्यामुळे त्यांचे उपसूर जरा चढे निघतात, म्हणून खालचे सूर थोडे अजून खाली आणि वरचे थोडे अजून वर ताणावे लागतात. प्रत्येक पियानोचं ते ताणणं वेगळं, त्याचा हिशोब सॉफ्टवेअर पटकन करतं. पण त्या तीन तारा एकमेकींशी जुळवायची वेळ आली की बहुतेक जण पडद्याकडे बघणं सोडतात आणि कानाने जुळवतात.

मुंबईहून आलो, नवीन सूर बसवला, बाकीच्या दहांपैकी सहा आम्ही केले, दोन-दोन घासे, मधे चहा, चार मुंबईला दिले. सगळी पेटी वहीत हिरवी झाली. आक्कांना बोलावलं. त्यांनी काळी चार धरायला सांगितली, सा लावला, पंचम लावला, मान डोलावली. मग गंधारावर आल्या आणि थांबल्या. म्हणाल्या, 'यो चढा हाय.'

पोरीने फोन दाखवला. शून्य. अगदी मधोमध. आक्का म्हणाल्या, 'फोनला सांग, चढा हाय.'

मैत्रिणींनो, त्या दिवशी आम्हाला वाटलं म्हातारीचा हट्ट. नंतर कळलं, दोघंही बरोबर होते. पेटीत, पियानोत सप्तकाचे बारा अगदी समान भाग केलेले असतात, म्हणजे कुठल्याही पट्टीवरून गायला घेतलं तरी चालावं. पण तंबोऱ्यावर जो गंधार आपोआप ऐकू येतो, गळा ज्याच्याकडे आपणहून जातो, तो पेटीच्या गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट खाली असतो. पंचमाचा फरक फक्त दोन सेंटचा, म्हणून आक्कांनी पंचमाला मान डोलावली. काळी चारच्या षड्जाबरोबर पांढरी एकचा गंधार दाबा, नीट ऐका, सेकंदाला सुमारे आठ हेलकावे आहेत, एवढे जलद की तो हेलकावा न वाटता खरखर वाटते. न शिकलेल्या बाईने ती खरखर कानाने पकडली होती.

आणि हा वाद आमच्या अंगणातला नाही, शंभर वर्षांहून जुना आहे. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल सरकारी नोकरीतले, डेप्युटी कलेक्टर होते. त्यांनी तार ताणून मोजायचं यंत्र घेऊन आपल्या संगीतातल्या बावीस श्रुती मोजायला घेतल्या, आणि मोजण्यासाठी गळा कुणाचा, तर उस्ताद अब्दुल करीम खाँचा. खाँसाहेब सूर लावणार, देवल आकडा लिहिणार. आमच्या आक्का आणि पोरीसारखंच की. १९१० साली त्यांचं पुस्तक निघालं. मग क्लेमंट्स नावाचे इंग्रज न्यायाधीश त्यांना मिळाले, आणि श्रुतींची खास पेटी तयार झाली. १९१६ च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत तिच्यावर बराच वाद झाला. आपल्या काळात डॉ. विद्याधर ओकांनीही बावीस श्रुतींची हार्मोनियम केली आहे.

आणि आज आम्ही रेडिओवरून पेटीचं कौतुक करतोय, पण आकाशवाणीवर १९४० पासून १९७१ पर्यंत पेटीला बंदी होती. कारण हेच. पेटीचे सूर ठोकळ्यासारखे, त्यात मींड नाही, श्रुती नाही. तिकडे बंदी होती तेव्हाही गावोगावच्या भजनात पेटी वाजतच होती. बंदी घालणाऱ्यांचं कानाचं म्हणणं चुकीचं नव्हतं, असं आम्हाला आता वाटतं. पण ज्यांच्याकडे तंबोरा लावणारं कुणी नाही, त्यांनी काय करायचं, याचं उत्तर त्यांच्याकडे नव्हतं.

आता आमच्यापुढे खरा प्रश्न उभा राहिला. एकल वादन करणारे काही वादक पेटी आपल्या एका पट्टीसाठी गंधार ट्यूनिंगमध्ये लावून घेतात, म्हणजे त्या पट्टीवरचे सगळे सूर तंबोऱ्याशी मिळतात. आक्कांची इच्छा होती, पेटी काळी चारसाठी तशी लावावी. ॲपमध्ये तेही करता येतं, गंधाराला उणे १४ धरायचं, बाकीच्या सुरांना त्यांचे त्यांचे आकडे. पोर तयार होती. आम्हीही तयार होतो, आक्कांनी मंडळासाठी काय केलंय ते आम्हाला माहीत आहे. पण मग पांढरी एक तिच्या जागेवरून हलणार. मंडळात दोन सुना आहेत, त्यांचा गळा उंच, त्या काळी पाचवरून गातात. काळी चारसाठी लावलेल्या पेटीवर काळी पाचवरून गायलं की तेच सूर भलतीकडे बोलतात. त्या दोघी नवीन आहेत, लाजत लाजत गायला लागल्यात. त्यांना पेटीच बेसूर मिळाली तर त्या समजणार आपलाच गळा चुकतोय, आणि मागे टाळ घेऊन बसणार. असं झालेलं आम्ही बघितलंय, स्वतःच्या बाबतीत.

बैठकीत हा विषय घेतला. गटाच्या नाही, मंडळाच्या बैठकीत. कर्जाच्या ठरावाला एवढी चर्चा होत नाही तेवढी झाली. एक जण म्हणाली, आक्का अजून किती वर्षं गाणार. ते आम्हाला आवडलं नाही आणि आम्ही तसं बोलून दाखवलं. शेवटी आक्काच म्हणाल्या, पेटी सगळ्यांची राहू दे. म्हणताना त्यांचं तोंड काही हसरं नव्हतं. मोठेपणा वगैरे नाही, नाइलाजाने म्हणाल्या, आणि आम्ही तो नाइलाज तसाच इतिवृत्तात लिहिला.

पेटी तशीच आहे, समान बारा भागांची, ४३७ वर. वही चालू आहे. दर पावसाळा संपला की आणि दर होळीला मोजतो. या वर्षी फक्त तीन सूर हलले. पेटी आता मासळीच्या खोलीत ठेवत नाही, जाड सुती कापडात गुंडाळून आतल्या खोलीत, भिंतीपासून लांब. आजूबाजूच्या दोन मंडळांनी पोरीला पेटी मोजायला बोलावलं होतं. ती मोजते, साफ करते, वही करून देते, त्याचे ती थोडे पैसे घेते. खरवडत नाही. ते शिकायला सुट्टीत मुंबईला त्या पेटीवाल्यांकडे जायचं तिच्या मनात आहे, घरी अजून विचारायचंय.

आणि आक्का गातात तेव्हा काय होतं तेवढं सांगतो. त्या गंधारावर येतात, तिथे थांबतात, डोळे मिटतात. पोर पांढरी एकवरचं बोट उचलते. नुसता सा आणि पंचम धरून ठेवते, भाता हळू करते, आणि आक्का खाली उतरल्या की पुन्हा पट्टी दाबते.